हाताचा वेग, यंत्राचा भरवसा

ध्वनिसंपादकाला चूक ऐकू यायला अर्धा सेकंद पुरतो. ती काढायला मात्र थांबावे लागते, मागे जावे लागते, नेमका तुकडा निवडून कापावा लागतो, दोन टोके सांधावी लागतात आणि सांधा कानाला जाणवत नाही ना, हे पुन्हा ऐकून बघावे लागते. चूक कानावर पडल्यापासून ती नाहीशी होईपर्यंत जो वेळ जातो, त्यावरून संपादनाचा वेग ठरतो. हे सगळे चालू असताना सॉफ्टवेअरने मध्येच मान टाकू नये, आवाज अडखळू नये, केलेले काम हरवू नये, याला स्थैर्य म्हणायचे. प्रो टूल्स, क्युबेस, लॉजिक, रीपर, स्टुडिओ वन, एबलटन लाइव्ह, ऑडिशन, ऑडॅसिटी अशा डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशनांची या पुस्तकातली तुलना याच दोन बाजूंनी केली आहे.

तिसरी बाजू मुद्दाम वगळली आहे, ती म्हणजे कोणाचा आवाज जास्त चांगला. स्टुडिओंमध्ये हा वाद रंगतो खरा. पण एकच ध्वनिमुद्रण दोन वर्कस्टेशनांत ठेवले, प्लगइन लावले नाहीत, फेडर शून्यावर आणि पॅनचे नियम सारखे ठेवले, तर बाहेर येणाऱ्या दोन फाइली एकमेकींतून वजा केल्यावर ऐकण्यासारखे काही उरत नाही. बेरीज-गुणाकार सगळीकडे तोच असतो. फरक पडतो तो काम करणाऱ्याच्या हाताला आणि मनाला.

वेग आणि स्थैर्य यांची दोन स्वतंत्र गुणपत्रके करण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्या संपादकाचा यंत्रावर विश्वास नाही, तो दर दोन कापांनी सेव्ह करतो, प्लेबॅक चालू असताना काही हलवायला धजत नाही, मोठा प्रकल्प चार तुकड्यांत फोडून ठेवतो आणि नवा प्लगइन लावण्याआधी फाइलची प्रत काढतो. यातली प्रत्येक सवय शहाणपणाची आहे आणि प्रत्येकीला वेळ लागतो. अस्थिर सॉफ्टवेअर बंद पडते तेव्हा वेळ खातेच, पण नीट चालते तेव्हाही खात असते. म्हणून पुढची सगळी मांडणी एका गृहीतावर उभी आहे: भरवसा हा वेगाचाच एक भाग आहे, आणि बऱ्याचदा तोच मोठा भाग असतो.

या साधनांनी नेमके काय सोपे केले हे कळण्यासाठी टेपचा काळ आठवावा लागतो. नभोवाणीतल्या संपादकांच्या कित्येक पिढ्या पाव इंची टेपवर घडल्या. संगीतासाठी टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे, भाषणासाठी बहुधा १९. म्हणजे वक्त्याच्या एका ‘अं’ला चक्क काही सेंटिमीटर लांबी होती. संपादक रीळ हाताने मागेपुढे फिरवून जागा शोधी, मेणाच्या पेन्सिलीने खूण करी, पात्याने तिरका काप घेई आणि चिकटपट्टीने टोके जोडी. काप तिरका घेण्यामागे हिशेब होता. ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या टेपवर ४५ अंशांचा काप घेतला, तर ३८ सेंटिमीटरच्या वेगाला साधारण १७ मिलिसेकंदांत एक आवाज मावळतो आणि दुसरा उगवतो. आज आपण ज्याला क्रॉसफेड म्हणतो, तो टेपच्या काळात पात्याच्या कोनातून मिळत असे. फक्त चुकलेला काप परत घेणे जिकिरीचे होते. संगणकाने हीच अडचण दूर केली: मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि कुठून कुठपर्यंत काय वाजवायचे याची यादी तेवढी बदलते. काप चुकला तर यादी पूर्वीसारखी करायची.

ही यादी प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापल्या स्वभावाने लिहिली, आणि तो स्वभाव जन्मापासून चिकटलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये दोन ट्रॅकचे साउंड टूल्स आणले आणि १९९१ मध्ये चार ट्रॅकचे प्रो टूल्स. टेप यंत्राची जागा घ्यायची, हाच त्यामागचा हेतू. त्यामुळे ध्वनीचे कापणे-सांधणे हे त्यात पहिल्यापासून मुख्य काम राहिले, आणि वर्षानुवर्षे ते स्वतःच्या हार्डवेअर कार्डांवरच चालले. १९९५ मध्ये चित्रपट-संपादनाची साधने बनवणाऱ्या ॲव्हिडने ही कंपनी घेतली. चित्रपटसृष्टीशी प्रो टूल्सचे नाते त्यामुळे आणखी पक्के झाले.

दुसरे घराणे जर्मन. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने १९८९ मध्ये क्युबेस आणले ते अटारी संगणकावर, आणि त्यात आवाज नव्हताच. होत्या त्या फक्त मिडीच्या सूचना: कोणता स्वर, केव्हा, किती जोरात. ध्वनिमुद्रण त्यात नंतर आले, आणि १९९६ मध्ये याच कंपनीने व्हीएसटी ही प्लगइनची पद्धत रूढ केली. लॉजिकही जर्मन एमॅजिक कंपनीच्या सिक्वेन्सरमधून आले. २००२ मध्ये ॲपलने एमॅजिक विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. या घराण्याला काळ दिसतो तो मात्रा आणि आवर्तनांत. संगीतरचना करणाऱ्याला ते सोयीचे जाते. तासाभराची मुलाखत साफ करणाऱ्याला पडद्यावरच्या त्या मात्रांच्या रेघा आधी पुसाव्या लागतात.

तिसरे घराणे एका फाइलीत बसून काम करणाऱ्यांचे. कूल एडिट हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये ॲडोबीकडे गेले आणि त्याचे ऑडिशन झाले. ऑडॅसिटी २००० मध्ये लोकांसाठी मोफत खुले झाले. दोघांची मूळ वृत्ती लहर पडद्यावर मोठी करून तिच्यावरच थेट हात चालवण्याची. ऑडिशनमध्ये ध्वनीचा वर्णपट उघडून एखादा खोकला किंवा खुर्चीची करकर चौकटीत पकडून पुसता येते, आणि या कामात ते आजही झटपट आहे. ऑडॅसिटीत मात्र इफेक्ट बराच काळ मूळ ध्वनीवर कायमचा बसवावा लागे. वाजता वाजता बदलता येणारे इफेक्ट २०२२ मधल्या ३.२ या आवृत्तीत आले.

यानंतरची पिढी आधीच्यांच्या उणिवा पाहून जन्मली. बर्लिनचे एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आले, ते रंगमंचावर वाजवण्यासाठी. विनॅम्पचा कर्ता जस्टिन फ्रँकेल याने रीपर लिहिले; त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची. स्टुडिओ वन २००९ मध्ये आले आणि त्यामागे स्टाइनबर्गमधून बाहेर पडलेली माणसे होती. २०१४ चे बिटविग एबलटनमधून निघालेल्यांनी केले. कोणते काम कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये अडते, याचे उत्तर बहुधा या वंशावळीतच सापडते.

आता वेगाकडे. प्रो टूल्समध्ये कीबोर्ड फोकस चालू केला की एकेक अक्षर म्हणजे एकेक हत्यार होते. ‘ए’ दाबले की कर्सरपर्यंतचा सुरुवातीचा भाग उडतो, ‘एस’ दाबले की कर्सरनंतरचा. ‘डी’ आणि ‘जी’ सुरुवातीला व शेवटाला फेड देतात, ‘एफ’ क्रॉसफेड देते, ‘बी’ तुकडा वेगळा करते. ही सगळी अक्षरे डाव्या हाताच्या बोटांखाली येतात आणि उजवा हात माउसवर राहतो. सराव झालेला संपादक कीबोर्डकडे बघत नाही आणि मेनू उघडत नाही. प्रो टूल्सच्या वेगाची कीर्ती मुख्यतः या मांडणीवर उभी आहे.

रीपर याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने येते. त्याच्या मूळ मांडणीत असे एकसंध तत्त्व जाणवत नाही. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक क्रिया हव्या त्या कीवर बसवता येते, अनेक क्रिया एका कीवर गुंफता येतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर लुआ किंवा पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिता येते. ‘निवडलेला भाग काढ, मागचे पुढे ओढ, सांध्याला छोटा क्रॉसफेड दे आणि दोन सेकंद आधीपासून वाजव’ ही चार कामे एका बोटावर येतात. मांडणी बसवण्यात सुरुवातीचे काही दिवस जातात, पण ते परत मिळतात. समजा तासाभराच्या वाचनात ६०० काप आहेत आणि दर कापामागे दोन सेकंद वाचले. एका तासाच्या ऐवजामागे वीस मिनिटे हातात आली. जाहिरातीतल्या कुठल्याही नव्या सुविधेपेक्षा हा हिशेब मोठा आहे.

बोललेल्या शब्दाच्या संपादनात ‘रिपल’ निर्णायक ठरते: मधला तुकडा काढला की पुढचे सगळे आपोआप सरकून पोकळी भरते. प्रो टूल्समध्ये ते शफल मोडमध्ये होते. रीपरमध्ये एका ट्रॅकपुरते किंवा सगळ्या ट्रॅकांना मिळून लावता येते. ऑडिओबुकसाठी हे वरदान आहे. चित्रपटाच्या संवादांत मात्र हीच सोय घात करते. तिथे प्रत्येक शब्द ओठांशी बांधलेला असतो आणि सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात एक चौकट जेमतेम ४२ मिलिसेकंदांची असते. रिपल चुकून चालू राहिले आणि सुरुवातीची एक उसासाभर जागा काढली, तर पुढचे अख्खे रीळ ओठांवरून घसरते. प्रो टूल्समध्ये शफल मोडला कुलूप घालण्याची सोय आहे, ती याच भीतीपोटी. जे काम तुमचे, त्यातला वेग तोच खरा. दुसऱ्याच्या कामातला वेग तुमच्या गळ्यात धोंडा होऊ शकतो.

सर्वांत जलद काप तो, जो घ्यावाच लागत नाही. वाचक अडखळला की चार-पाच सेकंद मागे जाऊन त्याला त्याचाच आवाज ऐकवायचा आणि ठरलेल्या जागी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करायचे, या पद्धतीला पंच-अँड-रोल म्हणतात. ती साधली की वाचन संपताना निम्मे संपादन झालेले असते. मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीतही ही सोय २०१८ पासून आहे. गाण्याच्या बाबतीत असेच काम स्वाइप कॉम्पिंगने केले. पाच-सहा टेक एकाखाली एक ठेवायचे आणि ज्याची जी ओळ चांगली, तिच्यावरून कर्सर फिरवायचा. लॉजिकमध्ये हे २००७ पासून आहे; लाइव्हमध्ये कॉम्पिंग यायला २०२१ उजाडले. रंगमंचासाठी जन्मलेल्या साधनाला स्टुडिओतल्या या गरजेची निकड कमी वाटली असणार.

आपल्याकडच्या ऐवजाच्या काही मागण्या मात्र जगातल्या कुठल्याही तुलनेत सापडत नाहीत. ख्यालाची मैफल घ्या. विलंबितात लय सुरुवातीला एका जागी असते आणि तासाभरात कुठच्या कुठे पोचते. पडद्यावरच्या मात्रांच्या जाळीला तिथे काही अर्थ उरत नाही, आणि ठोके ओळखून त्यांना सरळ रेषेत बसवणारी अवजारे तर गाण्याचा जीवच घेतील. काढायचे असते ते वेगळेच: मध्येच हातोडीने तबला मिळवणे, माइकला लागलेला धक्का, पहिल्या रांगेतला खोकला. आणि या सगळ्याखाली तानपुरा अखंड वाजत असतो. भाषणात दोन वाक्यांमधली शांतता कापायला मिळते. इथे शांतता नाहीच. तानपुऱ्याच्या तारा ठरलेल्या क्रमाने छेडल्या जातात. काप त्या क्रमात नेमका बसला नाही, तर ऐकणाऱ्याला नेमके काय झाले ते सांगता येत नाही, पण काहीतरी तुटल्याचे कळते. अशा जागी लांब आणि दोन्ही बाजूंनी स्वतंत्र आकार देता येणारा क्रॉसफेड हवा असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या संपादनासाठी वापरली जाणारी सिक्वोया आणि स्विस बनावटीचे पिरामिक्स ही वर्कस्टेशने या कामात सरस आहेत. त्यांत सांध्याच्या दोन्ही बाजू मोठ्या करून, एकेक मागेपुढे सरकवत जुळवता येतात. रीपरमध्येही क्रॉसफेडसाठी स्वतंत्र खिडकी आहे. किमतीचा विचार केला तर बहुतेक मराठी स्टुडिओंना तेच परवडेल.

मराठी वाचनाचेही आपले काही आहे. ‘ख’, ‘घ’, ‘ठ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राण व्यंजनांत श्वासाचा झोत व्यंजनातच मिसळलेला असतो. शांतता ओळखून आपोआप काप घेणारी सुविधा मराठीवर चालवली की हा झोत ती कधी कधी मोकळा श्वास समजते आणि ‘भ’चा ‘ब’ करून ठेवते. म्हणून अशी सुविधा किती झटपट आहे हे बघण्याआधी तिची मर्यादा किती बारकाईने ठरवता येते हे बघावे. आपोआप झालेले पन्नास काप तपासण्यात हाताने घेतलेल्या पन्नास कापांपेक्षा जास्त वेळ गेला, तर ती सुविधा नव्हेच.

स्थैर्याच्या बाबतीत पहिली गोष्ट ही की ‘क्रॅश झाले’ या एका वाक्यात तीन-चार वेगळी दुखणी असतात. पहिले प्लगइनचे. साधारणपणे प्लगइन वर्कस्टेशनच्याच प्रक्रियेत, त्याच्याच स्मृतीत चालतो. त्याने चूक केली की दोघेही एकदम बुडतात आणि बदनाम होते ते वर्कस्टेशन. बिटविगने प्लगइनला वेगळ्या प्रक्रियेत ठेवण्याची सोय दिली, त्यामुळे प्लगइन कोसळला तरी प्रकल्प उभा राहतो. रीपरमध्येही एखादा संशयित प्लगइन असा वेगळा बसवता येतो. याची किंमत प्रोसेसरवरच्या थोड्या जादा भाराने मोजावी लागते, पण बाहेरून घेतलेले बरेच प्लगइन वापरणाऱ्याला ती परवडते.

दुसरे दुखणे अडखळण्याचे. संगणक आवाज थेंबाथेंबाने देत नाही, ओंजळीने देतो. ४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पलची ओंजळ म्हणजे २.७ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात सगळे गणित संपले नाही की टक् असा आवाज येतो. १,०२४ सॅम्पल घेतले तर २१ मिलिसेकंद मिळतात. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज लगेच ऐकायचा असतो, म्हणून रेकॉर्डिंगला ओंजळ लहान हवी. संपादनाला तशी घाई नसते, तरी कितीतरी जण रेकॉर्डिंगची ओंजळ तशीच ठेवून दिवसभर संपादन करतात आणि सॉफ्टवेअरला दोष देतात. रीपर आणि क्युबेस ही दोन्ही साधने, जे ट्रॅक थेट ऐकले जात नाहीत त्यांचे गणित आधीच करून ठेवतात. म्हणून जुन्या संगणकावरही ती तग धरतात.

तिसरे दुखणे फाइलींचे. ऑडॅसिटीचा जुना प्रकल्प म्हणजे एक छोटी फाइल आणि शेजारी असंख्य तुकड्यांनी भरलेला फोल्डर. छोटी फाइल पेनड्राइव्हवर नेली आणि फोल्डर घरीच राहिला, की काम गेले. २०२१ मध्ये ३.० या आवृत्तीने सगळे एका फाइलीत आणले तेव्हा ही व्यथा संपली. प्रो टूल्स २०११ च्या दहाव्या आवृत्तीआधी प्रत्येक फेडची वेगळी फाइल डिस्कवर लिहीत असे. त्या आवृत्तीपासून फेड वाजतानाच तयार होऊ लागले. रीपरची प्रकल्पफाइल तर साधा मजकूर असते. ती बिघडली, तर जाणकाराला कुठल्याही एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते.

चौथे दुखणे वर्षांनी उगवते. २०१३ मध्ये प्रो टूल्स ११ हे ६४ बिटचे झाले. त्याच आवृत्तीत प्रत्यक्ष वेळेपेक्षा जलद बाउन्स करण्याची, म्हणजे अंतिम फाइल काढण्याची, सोय आली. तोवर तासाच्या कार्यक्रमाला तासभर बसावे लागे. हा फायदा मोठा होता, पण जुने प्लगइन मागे राहिले. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटॅलिना आवृत्तीने ३२ बिटची सॉफ्टवेअरे चालवणेच सोडले, आणि ज्यांनी घाईने अद्ययावत केले त्यांचे जुने प्रकल्प अपंग झाले. क्युबेसच्या परवान्याचा यूएसबी डोंगल २०२२ पर्यंत सोबत बाळगावा लागे. तो हरवला तर सॉफ्टवेअर असूनही काम बंद. आपल्याकडे याला विजेची जोड आहे. यूपीएस नसलेल्या खोलीत कुठल्याही वर्कस्टेशनच्या स्थैर्याला फारसा अर्थ नाही, आणि आपोआप सेव्ह होण्याचा कालावधी किती ठेवता येतो हा तिथे चैनीचा प्रश्न राहत नाही.

तुलनेची पद्धत या सगळ्यातून ठरली. एकाच माणसाने, एकाच संगणकावर, एकाच ऐवजावर काम करायचे. ऐवज तीन प्रकारचे: एका माणसाचे वाचन, चार जणांची चर्चा आणि तानपुऱ्यासह मैफल. घड्याळ लावायचे ते चूक ऐकू आल्यापासून सांधा तपासून होईपर्यंत. स्थैर्यासाठी आधी प्लगइनविना, मग नेहमीच्या प्लगइनसह, मग संगणकाची ताकद संपेपर्यंत ट्रॅक वाढवत जायचे. आणि काम चालू असताना सॉफ्टवेअर मुद्दाम बंद पाडून बघायचे की पुन्हा उघडल्यावर किती परत मिळते. ही शेवटची कसोटी वाचकाने आपल्या साधनावर एकदा तरी करावी. ती अर्ध्या तासात होते आणि पुढे कित्येक रात्रींची झोप वाचवते.

या पुस्तकात एकाला मुकुट चढवलेला नाही, पण मत नाही असेही नाही. वाचन आणि मुलाखतींसाठी पैसे मोजून रीपर घ्यावे आणि आठवडाभर त्याच्या की बसवाव्यात. चित्रपटाच्या संवादांसाठी प्रो टूल्सला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये; ते साधन म्हणून जितके चांगले आहे, तितकीच पुढच्या स्टुडिओत फाइल जशीच्या तशी उघडण्याची हमीही मोलाची आहे. वाद्यरचना करणाऱ्याने क्युबेस किंवा लॉजिकमध्ये राहावे. मैफलींच्या संग्रहावर काम करणाऱ्या संस्थेने सिक्वोया किंवा पिरामिक्सचा खर्च एकदा तरी मांडून बघावा. आणि साधन कोणतेही असो, काम संपले की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा. वीस वर्षांनी आजचे वर्कस्टेशन असेल की नाही सांगता येत नाही, पण वेव्ह फाइल उघडेल अशी बरीच आशा आहे.

एक विनंती. साधन बदलण्याआधी आपण रोज करतो ती दहा कामे आत्ताच्याच साधनात एकेका कीवर आणावीत, दुरुस्तीची मागची प्रत आपोआप साठेल अशी व्यवस्था करावी, आणि मग महिनाभर वेळ मोजावा. त्यानंतरही जो वेळ वाया जातो तो सॉफ्टवेअरमुळे जात असेल, तर पुढची प्रकरणे तुमच्यासाठी आहेत. तो सवयीमुळे जात असेल, तर नवे सॉफ्टवेअर घेतल्यावर ती सवय तिथेही सोबत येईल.